आईची कवळी

त्याला सगळे ‘बघू’ म्हणत. आईवडिलांनी ठेवलेलं नाव वेगळं आणि चांगलं लांबरुंद होतं, पण काहीही विचारा, उत्तर “बघू” हेच यायचं, तेव्हा लोकांनी आपापल्या सोयीनं त्याचं नाव बदलून टाकलं. दवाखान्यातली डॉक्टरीणबाई त्याच्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान, म्हणून ती आदरानं ‘बघूकाका’ म्हणायची. त्यात आदर नेमका कुठे होता ते तिलाच ठाऊक.

त्याचा धंदा कवळ्या बनवण्याचा. डॉक्टरीणबाई पेशंटच्या तोंडाचं माप घ्यायची, ते मागच्या गल्लीतल्या त्याच्या खोलीत यायचं. मग त्यात प्लास्टर ओतून जबड्याचं मॉडेल करायचं, त्यावर मेणाची हिरडी बसवायची, मेणात एकेक दात लावायचा, आणि शेवटी मेणाच्या जागी गुलाबी ॲक्रिलिक शिजवून, घासून, चमकवून कवळी धाडून द्यायची. हात असा होता की त्याची कवळी घातलेली माणसं तोंडावरचा रुमाल काढून बोलायला लागायची. पण सगळं उशिरा. दवाखान्यातून तीन फोन आल्याशिवाय कामाला मुहूर्त लागत नसे. पहिल्या फोनला “होतच आलंय”, दुसऱ्याला “नुसतं पॉलिश राहिलंय”, आणि तिसरा फोन ठेवल्यावर हा गृहस्थ मेणाची वडी कुठे ठेवली ते शोधायला लागायचा.

आता ज्या कामासाठी फोन करणारं कोणीच नसतं, त्याचं भिजत घोंगडं होणार हे उघड आहे. असं एक घोंगडं त्याच्या खोलीत खिडकीजवळच्या फळीवर, पुठ्ठ्याच्या खोक्यात, चौदा महिने पडलं होतं. खोक्यावर त्याच्याच अक्षरात लिहिलं होतं, ‘आई’.

आईचे उरलेले सात दात हलायला लागले तेव्हा डॉक्टरीणबाईनं ते काढले. हिरड्या भरून आल्यावर तिनं माप घेतलं, चावाही घेतला, म्हणजे वरचा जबडा खालच्यावर कसा टेकतो त्याची मेणातली खूण. “घरचंच काम आहे काका, आठवड्यात होईल ना?” तिनं विचारलं होतं. “अहो, चार दिवसांत देतो!” बघू म्हणाला होता. आणि अगदी मनापासून म्हणाला होता. अशी माणसं खोटं बोलत नाहीत, हीच तर खरी पंचाईत असते.

तेव्हापासून आई मऊ शिजवलेलं, कुस्करलेलं खात होती. चारचौघांत जेवायला बसेनाशी झाली होती. तिनं कवळीबद्दल एकदाही विचारलं नाही. बायको पहिले सहा महिने दर आठवड्याला विचारायची, मग तिनंही नाद सोडला.

एका सोमवारी डॉक्टरीणबाई स्वतः त्याच्या खोलीवर आली. फोन न करता आली, त्यावरूनच बघूनं ओळखलं की प्रकरण फोनच्या पलीकडे गेलंय. टेबलावरचा पसारा तिनं एकदा बघितला आणि उभ्या उभ्याच म्हणाली, “काका, दोन कामं मी दुसऱ्या लॅबला दिली. तुमच्यासारखा हात त्यांचा नाही. पण त्या आजोबांच्या मुलीचं लग्न होऊन गेलं हो, तुमची कवळी काही आली नाही. मी तरी काय तोंड दाखवणार?”

बघूनं मान खाली घातली.

घरी आल्यावर त्यानं बायकोला सांगितलं. बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. ती म्हणाली, “आता देवालाच साकडं घाला. माणसांचं तर तुमच्यापुढे काही चालत नाही.” ती वैतागून बोलली होती, पण बघूनं ते खरंच धरलं. बुडत्या माणसाला कोण काय कशासाठी बोललं याची फार चिकित्सा करायला वेळ नसतो. तो उठला आणि आईच्या खोलीत गेला.

आई खिडकीपाशी खुर्चीत बसली होती. मांडीवर जपाची माळ होती, हात माळेवर होता, पण मणी सरकत नव्हते. बघूला आठवत होतं तेव्हापासून आईची सकाळ एकशे आठ नावांनी सुरू व्हायची. देवाची ही नावं तिला तिच्या आईनं शिकवली होती, तोंडोतोंडी. कुठल्या पुस्तकात ती तशी नव्हती. काही नावं सगळ्यांना माहीत असलेली, दीनानाथ, दामोदर, अनंत. काही मात्र त्या घराच्या बाहेर कोणी ऐकलेलीही नसतील. ‘हाकेला धावणारा’ असं एक होतं, ‘न सांगता येणारा’ असंही एक होतं. आई ती मोठ्यानं म्हणायची, स्वच्छ म्हणायची, आणि लहानपणी बघू अंथरुणातच पडून ती ऐकायचा. उठायचा अर्थात नावं संपल्यावर बऱ्याच वेळानं.

“आई, मला काहीतरी नेम सांग,” तो म्हणाला.

“कसला नेम?”

“देवाचा. माझ्याच्यानं काही वेळेवर होत नाही. हातात घेतो आणि ठेवून देतो. मन एका जागी बसेल असं काहीतरी सांग.”

आईनं मांडीवरची माळ उचलून त्याच्या हातात दिली. “ही घे. रोज सकाळी एक माळ. ‘गोविंद’ म्हणायचं. बास.”

“आणि तुला?”

“माझं बंद आहे.”

“बंद? कधीपासून?”

“दात गेले तेव्हापासून.” दात नसल्यामुळे तिचं बोलणं हल्ली लक्ष देऊन ऐकावं लागायचं. “दीनानाथ म्हणायला जावं तर नुसता वारा निघतो. महिनाभर म्हणून बघितलं. मग वाटलं, असलं मोडकंतोडकं त्याला कशाला द्यायचं? आपण कोणाला फुटकी वाटी देतो का?”

“मग मनातल्या मनात म्हण की.”

“मला आईनं मोठ्यानं शिकवली रे. मनात म्हणायला गेलं की वीसेक नावांवर गाडी घसरते.”

बघूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर्षभर घरात सकाळी आवाज नव्हता. त्याला वाटलं होतं, आई आता थकली, वयानं गप्प झाली. या घरात बसून, तोंडाचं काम करणाऱ्या माणसाला, आईचं तोंड गप्प का झालं ते कळलं नव्हतं. त्याला माफी मागायची होती, पण तो नुसता माळेचा गोंडा चाचपत राहिला.

आईनं त्याला सोडवलं. “नाव घेताना मन कुठे पळतं ते बघत जा,” ती म्हणाली. “बघण्यात तर तू हुशारच आहेस.”

कोणाही शहाण्या माणसाला वाटेल की आता हा तडक खोलीवर जाऊन फळीवरचं खोकं काढेल. पण चालढकल हा इतका साधा रोग असता तर काय हवं होतं? बघूनं वाटेतच ठरवलं की आईचं काम असल्या मळकट मनानं करायचं नाही. आधी मन शुद्ध करायचं. चाळीस दिवस जप करायचा, आणि चाळिसाव्या दिवशी आईच्या कवळीला हात घालायचा. विचार इतका पवित्र होता की त्यात जुना ‘बघू’ कुठे लपलाय ते त्याचं त्यालाच दिसलं नाही.

त्यानं घरातला एक कोपरा धुतला. बसायला जाड लोकरीचं आसन आणलं. आसन आणल्यावर समई हवी असं वाटलं, म्हणून माळ्यावरची जुनी पितळी समई काढली. ती काळवंडली होती, तर खोलीवर नेऊन पॉलिशच्या चाकावर चांगला दीड तास घासली. त्याच टेबलावर एका निवृत्त शिक्षिकेची कवळी पॉलिशची वाट बघत आठवडाभर बसली होती, ती तशीच बसून राहिली. एका माळेच्या तीन झाल्या, तीनच्या अकरा. सकाळी साडेपाचला बसलेला बघू आठला उठायचा. मग जरा वेळ शांतपणे बसायचं, कारण लगेच व्यवहारात उतरू नये असं त्यानं कुठेतरी ऐकलं होतं. खोलीवर पोचायला अकरा वाजायचे.

“आधी नुसती कामं राहायची,” बायको एकदा म्हणाली, “आता कामांबरोबर तुम्हीही राहता.”

“तुला नाही कळायचं,” बघू डोळे अर्धे मिटून म्हणाला. हे डोळे अर्धे मिटून बोलणंही नवीनच होतं. बायकोनं कपाळाला हात लावला.

बावीस दिवस झाले. तेविसाव्या दिवशी तो आसनावरून उठला तेव्हा आई दारात उभी होती, भिंतीला धरून.

“किती माळा झाल्या?” तिनं विचारलं.

“अकरा,” बघू म्हणाला. आवाजात थोडा अभिमान होता, आणि तो लपतही नव्हता.

“मी किती सांगितल्या होत्या?”

“एक.”

“मग या दहा कोणाच्या?”

बघू आसनाची घडी घालायला लागला.

“मन कुठे पळतं ते बघितलंस?”

“मोजण्यातच लक्ष असतं गं. अकरा म्हणजे... चुकायला नको ना.”

आई खाली बसली. तिला बसायला वेळ लागला. मग ती म्हणाली, आणि रागावून नाही तर जरा दमून म्हणाली, “लहानपणी अभ्यासाला बसायचास तेव्हा आधी दोन तास पेन्सिलींना टोकं काढायचास. तेच करतोयस. देवापुढेही काम टाळायलाच बसतोस तू.”

त्या वाक्यानं बघूच्या अंगातलं बावीस दिवसांचं पुण्य भर्रकन उतरलं. राग आला होता, आणि राग येतोय म्हणजे ती खरं बोलली हेही त्याला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी तो एकच माळ घेऊन बसला. आसन घेतलं नाही, समई लावली नाही, नुसता जमिनीवर बसला. गोविंद. एक मणी. गोविंद. दुसरा मणी. पाचव्या मण्याला मन डॉक्टरीणबाईकडे गेलं. त्यानं ते बघितलं आणि परत आणलं. नवव्याला भूक लागल्यासारखी वाटली. बाराव्याला वाटलं, पाय अवघडलाय, उद्या पाट घेऊन बसावं. आणि मग मन फळीवरच्या खोक्याकडे गेलं. परत आणलं, परत गेलं. वीस-बावीस मणी असेच गेले. एरवी तो इथे मोजायला लागला असता. आज मोजण्यासारखं काही नव्हतं, एकच तर माळ होती. पळायला जागाच उरली नव्हती, म्हणून तो तिथेच थांबला आणि त्या खोक्यात काय आहे ते मनातल्या मनात बघू लागला.

तीस वर्षांत त्यानं हजारो जबडे हातात धरले होते. प्लास्टरचे, पांढरे, बोडके. त्याला त्यात कधी माणूस दिसला नव्हता, काम दिसलं होतं. आईचं मॉडेल मात्र त्यानं साच्यातून काढलं, हातात घेतलं, आणि पुढच्या क्षणी खोक्यात ठेवून झाकण लावलं होतं. ते झाकण का लावलं ते त्याला आज दिसलं. हातातला तो जबडा त्याच्या आईचा होता आणि तो एका संपत आलेल्या बाईचा होता. ते काम हातात घेणं म्हणजे रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत ते समोर ठेवून बघणं. खोकं बंद असेपर्यंत आईला दात येणार होते, आई बरी दिसणार होती, सगळं अजून व्हायचं होतं. त्यानं काम पुढे ढकललं नव्हतं. त्यानं आईचं मरण पुढे ढकललं होतं, त्याच्या परीनं.

त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. अंगठा मात्र थांबला नाही. गोविंद, आणि पुढचा मणी. मग त्याला ‘उद्या’ आत येताना दिसला. हो, अगदी दारातून कोणी यावं तसा दिसला. भीती वाटली की मागोमाग तो यायचा, प्रेमानं खांद्यावर हात ठेवायचा आणि म्हणायचा, आज राहू दे. इतकी वर्षं तो येऊन गेल्यावर कळायचं, येताना कधी दिसला नव्हता. बघूनं त्याला हाकललं नाही. गोविंद म्हणून पुढचा मणी ओढला, इतकंच. असे मणी ओढता ओढता माळ संपली. तो उठला, चहाही न घेता खोलीवर गेला आणि फळीवरचं खोकं खाली काढलं.

पुढचे तीन दिवस तो वेगळाच माणूस होता. स्पिरिटचा दिवा पेटवायचा, कोरणी तापवायची, मेणात एकेक दात बसवायचा, आणि दर दाताला एक नाव. आईचा वरचा एक दात शेजारच्यावर जरासा चढलेला असायचा, हसली की तो आधी दिसायचा. त्यानं तो तसाच लावला. मधल्या वेळात शिक्षिकेची कवळीही पॉलिश करून पाठवली, फोन न येता, आणि डॉक्टरीणबाईनं उलट फोन करून चूक तर झाली नाही ना असं विचारलं. बघू हसला. त्याच्या अंगात एक हलकेपणा आला होता. हात चालतोय आणि नाव चालतंय, दोन्हीत फरकच नाही, असं त्याला वाटत होतं. त्याला वाटलं, हेच ते. ज्यासाठी लोक जन्म घालवतात ते आपल्याला या मेणाच्या वासात सापडलं.

मेणातली कवळी आधी तोंडात घालून बघायची असते, तिला ट्रायल म्हणतात. ट्रायलला आईला दवाखान्यात न्यावं लागलं असतं. पण त्याला तिला एकदम तयार कवळी द्यायची होती. त्यानं ट्रायल गाळली. चौथ्या दिवशी सकाळी गुलाबी, चमकणारी कवळी रुमालात गुंडाळून तो घरी आला.

आईनं रुमाल उघडला. तो चढलेला दात तिला लगेच दिसला आणि ती हसली. बायको दारात पदराला हात पुसत उभी राहिली. आईनं वरची कवळी बसवली, मग खालची. तिचा चेहरा भरला, ओठ वर आले, दहा वर्षांपूर्वीची आई समोर बसली.

“बोल ना काहीतरी,” बघू म्हणाला.

आईनं तोंड उघडलं आणि वरची कवळी टक्कन खाली पडली. तिनं ती जिभेनं वर ढकलली. खालची एका बाजूला सरकली. “होईल सवय,” ती कशीबशी म्हणाली, कवळीआडून. “छान आहे रे.” तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते आनंदाचं नव्हतं. बघूनं कवळी काढून घेतली. खालच्या हिरडीवर लाल वळ उठला होता.

त्याला तत्क्षणी कळलं. दात काढल्यावर पहिल्या वर्षात जबड्याचं हाड सगळ्यात जास्त झिजतं. हे धंद्यातलं पहिल्या इयत्तेचं ज्ञान आहे. कोणी तीन महिन्यांपूर्वीचं माप पाठवलं तर हाच बघू ते परत करायचा आणि वर ऐकवायचा, “शिळ्या मापावर मी काम करत नाही.” आणि आईची कवळी त्यानं चौदा महिन्यांपूर्वीच्या मापावर बनवली होती. दुसऱ्या दिवशी दात लावताना हा विचार त्याच्या मनात येऊनही गेला होता. पण नवीन माप म्हणजे डॉक्टरीणबाईला सांगणं आलं, की जुनं वर्षभर पडून होतं. आणि इतक्या प्रेमानं, इतक्या नामस्मरणात केलेली वस्तू बसणार नाही असं कसं होईल? जबड्यानं काही त्याचं नामस्मरण ऐकलेलं नव्हतं. तो त्याच्या त्याच्या गतीनं झिजत राहिला होता, रोज थोडा.

बायकोनं रुमाल उचलून कवळी त्यात परत गुंडाळली.

सकाळचे दहा वाजले होते. दवाखाना उघडा होता. बघू खुर्चीत बसला आणि त्याला परत तो ‘उद्या’ येताना दिसला. आज राहू दे, आई दमलीय, तूही दमलास, दोन दिवस जाऊ देत, मग नीट शांतपणे जाऊ. सगळं पटण्यासारखं होतं. त्याचं नेहमी पटण्यासारखंच असायचं. बघूला लाज वाटत होती आणि गेल्या तीन दिवसांतला तो हलकेपणा औषधालाही उरला नव्हता. हातात माळ नव्हती, मनात शांती नव्हती. मनाच्या अशाच अवस्थेत, गोविंद म्हणून, तो उठला.

“आई, चप्पल घाल,” तो म्हणाला. “माप घ्यायला जायचंय.”

“आत्ता?”

“आत्ता.”

दवाखान्यात डॉक्टरीणबाईनं कवळी उलटसुलट बघितली. “काम तर सुरेख आहे, काका. माप कधीचं?”

“तुम्ही घेतलेलं. चौदा महिन्यांपूर्वीचं. माझ्याकडेच पडून होतं. मीच केलं नाही.”

एवढं बोलायला त्याला चौदा महिने लागले होते, आणि बोलायला पाच सेकंदही लागले नाहीत. डॉक्टरीणबाईनं त्याच्याकडे बघितलं, आईकडे बघितलं, आणि हातमोजे चढवले. “या आजी, बसा खुर्चीत. आणि काका, ट्रायल चुकवायची नाही हं. कोणासाठीच नाही.”

माप ओलं असतानाच त्यानं खोलीवर जाऊन प्लास्टर ओतलं. या वेळी काही वेगळं वाटलं नाही. डोळे भरून आले नाहीत, मेणाच्या वासात कोणी भेटलं नाही. सकाळी एक माळ, मग काम. चावा घेतला. एके दिवशी कंटाळा आला, कंटाळ्यातच सहा दात लावले. ट्रायल झाली, उजवीकडे जरा उंच लागत होतं ते काढलं. नवव्या दिवशी कवळी तोंडात बसली आणि आईनं जांभईएवढं तोंड उघडलं तरी ती पडली नाही.

सवय व्हायला तिला पाच-सहा दिवस लागले. बायको तिला पेपर मोठ्यानं वाचायला लावायची आणि दोघी त्यातल्या पुढाऱ्यांच्या नावांवर हसायच्या. सातव्या दिवशी सकाळी आईनं आंघोळ करून दोघांना हाक मारली. बघूनं माळ तिच्या हातात दिली. ती ताठ बसली आणि तिनं सुरुवात केली.

दीनानाथ. दामोदर. अनंत. एकेक अक्षर दाताला लागून स्वच्छ येत होतं. बघूचा ऊर भरून आला. हाकेला धावणारा. बायकोनं हात जोडले होते. तिसाव्या नावापर्यंत आई कुठेही थांबली नाही. एकतिसाव्याला थांबली.

“थांबा हं,” ती म्हणाली आणि पहिल्यापासून सुरू केलं. वेग घेतला, म्हणजे त्या ओघात पुढचं येईल. तीस आली. एकतिसावं आलं नाही. तिनं तिसऱ्यांदा म्हटलं. मग मध्येच कुठूनतरी पन्नाशीतली चार नावं आली, ती कुठून आली हे तिलाच कळेना. तिनं माळ मांडीवर ठेवली.

“गेली रे,” ती म्हणाली.

बघूनं काय नाही केलं? आईच्या माहेरच्या नातेवाइकांना फोन केले. त्या नावांची आठवण असलेली शेवटची मावशीही चार वर्षांपूर्वी गेली होती. दुकानांतून नामावळ्यांची पुस्तकं आणली, आई पानं उलटून म्हणायची, “चांगली आहेत. पण आपली नाहीत.” त्या पहिल्या सकाळीच त्यानं हाताला लागला तो कागद ओढून आठवलेली नावं लिहून घेतली होती, आणि पुढे रोज लिहीत गेला. कधी पोळीचा घास घेताना तिला एखादं आठवायचं, कधी पाय धुताना. ती हाक मारायची आणि बघू असेल तिथून उठून यायचा. त्याच क्षणी यायचा, हातातलं गरम मेण टाकून यायचा. दोन महिन्यांत ब्याऐंशी झाली. मग थांबली. सव्वीस नावं आली नाहीत.

आता रोज सकाळी दोघं एकत्र बसतात. आई ओळीनं म्हणते, बघू तिच्यामागून म्हणतो. जिथे नाव नाही तिथे आई मणी गाळत नाही. तो मणी ती बोटांत धरते, नाव म्हणायला लागेल तेवढा वेळ गप्प राहते आणि मग पुढे जाते. बघूला ती एकशे आठ तशीच पाठ झाली आहेत, गप्प जागांसकट. कुठलं नाव कुठे येतं तसंच कुठली शांतता कुठे येते तेही त्याला माहीत आहे.

एकदा बायकोनं विचारलं, “मध्ये मध्ये थांबता तेव्हा मनात काय म्हणता?”

“काही नाही,” बघू म्हणाला. “तिथे एक नाव होतं. मी उशीर केला.”